मालक सापडला नाही म्हणून पैसा बेवारस होत नाही. त्याचा हिशेब संसदेपुढे का नको?

घंटाळीकर

काल ठाण्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर नौपाड्यातल्या एका निवृत्त शाखाधिकाऱ्यांची पोस्ट आली. आशय असा: ज्यांनी दहा वर्षं खात्याकडे ढुंकून पाहिलं नाही त्यांनी आता गळा काढू नये. रिझर्व्ह बँकेने पैसा सांभाळला हे उपकार समजावेत. आणि त्याचा हिशेब संसदेत मागायचा म्हणजे पुढाऱ्यांच्या हातात किल्ल्या द्यायच्या. खाली सगळ्यांचं 'अगदी बरोबर'. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागणारं नाही, म्हणून हा धागा. ते इथेही लिहितात, त्यांनी जरूर उत्तर द्यावं.

आधी उपकाराचं बघू. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातला पैसा बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत भरते. बँकिंग नियमन कायद्याचं कलम २६ अ, योजना २०१४ ची. मालक किंवा वारस कधीही आला तरी रक्कम परत मिळते, हे खरं आणि चांगलंच आहे. पण व्याज किती? ११ मे २०२१ पासून ३ टक्के, तेही सरळव्याज. निधी गुंतवला जातो सरकारी रोख्यांत, आणि दहा वर्षांचा सरकारी रोखा या काळात सहा-सात टक्के देत आलाय. मधला फरक निधीत जमतो. यात ठेवीदारावर उपकार कुठे झाले?

आता आकडे. मार्च २०२३ अखेर दावा न केलेल्या ठेवी सरकारी आणि खाजगी बँका मिळून सुमारे ४२,२७० कोटी, असं तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी संसदेत सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात त्याच तारखेला निधीत ६२,२२५ कोटी दिसतात, आणि पुढच्या मार्चला ७८,२१३ कोटी. सहकारी बँकांचे पैसे, साठलेलं उत्पन्न, फरकाला कारणं असणारच. पण दोन आकड्यांचा ताळा एका कागदावर दोन्ही सभागृहांपुढे असावा, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

माझा मूळ मुद्दा हा आहे. कंपन्यांचा दावा न केलेला लाभांश सात वर्षांनी गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातो. कंपनी कायद्याच्या कलम १२५ नुसार त्याचं लेखापरीक्षण कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक करतात, आणि वार्षिक अहवाल व कॅगचा अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. बँक ठेवींच्या कलम २६ अ मध्ये अशी सक्तीच नाही. शेअरवाल्याच्या पैशाला संसद, आणि पासबुकवाल्याच्या पैशाला वार्षिक अहवालातला एक आकडा.

आणि सरकार या पैशाबद्दल काही सांगतच नाही, असंही नाही. ८ मे २०२३ ला अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वित्तीय स्थैर्य आणि विकास परिषदेची बैठक झाली, त्यात बेवारस ठेवी परत देण्याची खास मोहीम काढा असं नियामकांना सांगण्यात आलं. १२ मे ला रिझर्व्ह बँकेने '१०० दिवस १०० परतावे' जाहीर केली. सूचना चांगली होती, माझी तक्रार नाही. पण ती आपल्यापर्यंत आली प्रसिद्धीपत्रकातून. उद्या वेगळी सूचना आली, निधी अमुक ठिकाणी गुंतवा, तमुक मोहिमेला द्या, तर ती कुठे वाचायची? रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ७ नुसार सरकार गव्हर्नरांशी सल्लामसलत करून जनहितासाठी बँकेला निर्देश देऊ शकतं. या निधीबाबत असा कुठलाही निर्देश किंवा लेखी सूचना गेली तर ती ठरावीक मुदतीत सभागृहाच्या पटलावर आली पाहिजे. बास.

नौपाडा_शाखा

ती पोस्ट माझीच. मागे घेत नाही.

घंटाळीकर साहेब, तुम्ही कायदा वाचलात, मी काउंटरच्या आत उभा राहिलोय. वागळे इस्टेटच्या शाखेत कारखान्यांची पगारखाती हजारोंनी होती. कारखाने बंद झाले, माणसं साताऱ्याला, कोकणात, आझमगडला निघून गेली. पत्रं पाठवायचो, पाकीट परत यायचं, मागे पोस्टमनने निळ्या पेनाने 'सोडून गेले' लिहिलेलं. ती पाकिटं मी फायलीला लावून ठेवायचो. खात्यात तीनशे रुपये, साडेचारशे रुपये. ७८ हजार कोटी ऐकून लोकांना वाटतं कुबेराचं भांडार दडवून ठेवलंय. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सरकारी बँकांनी सुमारे ३५ हजार कोटी पाठवले होते, खाती १० कोटींच्या वर. भागाकार करा, सरासरी साडेतीन हजारसुद्धा येत नाही.

आता संसद. पीपीएफ, पोस्टाची बचत, पीएफ, विमा यातले बेवारस पैसे तुमच्या संसदेनेच २०१५ च्या वित्त कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत नेले. तिथे सगळं आहे जे तुम्ही मागताय. आणि झालं काय? २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना त्या निधीतून चालवली. काठ्या, श्रवणयंत्रं, चाकाच्या खुर्च्या, शिबिरं, व्यासपीठ, फोटो. वर त्याच कायद्यात लिहिलंय की निधीत गेल्यापासून पंचवीस वर्षांत कुणी मागितलं नाही तर रक्कम सरकारजमा. रिझर्व्ह बँकेकडे अशी मुदत आहे? नाही. पन्नास वर्षांनी नातू आला तरी पैसे मिळतात. मग ठेवीदाराचा पैसा जास्त सुरक्षित कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

वागळे_फिटर

"गळा काढू नये" हे वाचून राहवलं नाही. साहेब, मी त्या पगारखात्यांपैकीच एक. कंपनीला टाळं लागलं तेव्हा युनियनने केस टाकली, ती वर्षानुवर्षं चालली. देणी मिळाली तेव्हा कंपनीच्या यादीत जे जुने खाते नंबर होते त्यातच रक्कम गेली. माझ्याबरोबर लेथवर असलेला पाटणचा माणूस तोवर वारला होता. त्याच्या बायकोला ठाण्यात खातं आहे हेच माहीत नव्हतं. ती झोपली नव्हती, तिला सांगितलंच नव्हतं कुणी.

तुम्ही पाकिटं फायलीला लावलीत. पाकीट गेलं वागळ्याच्या चाळीत, माणूस गावाला. खाते उघडताना फॉर्मवर गावचा पत्ता लिहून घेतला होता ना? त्या पत्त्यावर का नाही पाठवलं?

नौपाडा_शाखा

गावच्या पत्त्यावर पाठवायची पद्धत तेव्हा नव्हती. ते चुकीचं होतं असं म्हणणार असाल तर म्हणा. पण ती बँकेची चूक, त्याचा संसदेशी काय संबंध?

करावे_नेरुळ

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. सगळे संसद संसद करताय, माझा प्रश्न साधा आहे. आम्ही करावे गावचे, आगरी. सासऱ्यांची जमीन सिडकोत गेली, त्या वेळी मोबदल्याचे पैसे ठेवायला गावातल्या सगळ्यांची खाती उघडली गेली. सासऱ्यांचा अंगठा आहे, सही नाही. पासबुकावर नाव 'नामा गणा', आधारला 'नामदेव गणपत', सातबाऱ्यावर तिसरंच. बेवारस ठेवी शोधायचं ते रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल, त्यावर नाव टाकलं की पॅन विचारतं, मतदार ओळखपत्र विचारतं, पासपोर्ट विचारतं, जन्मतारीख विचारतं. ज्या माणसाची जन्मतारीख त्याच्या आईलाच 'पावसाळ्यात' एवढी माहीत होती त्याची तारीख मी कुठून आणू?

शाखेत गेले तर पासबुक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि "हे खूप जुनं आहे मॅडम" म्हणून परत दिलं. जुनं आहे म्हणूनच तर आलेय ना मी.

ऐरोलीकर

@करावे_नेरुळ ताई, पत्ता टाकूनही शोधता येतं, गाव आणि पिनकोड घालून बघा. नावाची दोन-तीन स्पेलिंगं टाका. पोर्टल ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं, आधी मोजक्याच बँका होत्या, मार्च २०२४ पर्यंत तीस झाल्या. तुमची बँक नंतर विलीन झाली असेल तर आताच्या बँकेच्या नावाने शोधा. नाव दिसलं की एक क्रमांक मिळेल, तो घेऊन शाखेत जा, मग 'जुनं आहे' म्हणता येणार नाही. पैसे पोर्टलवरून मिळत नाहीत, दावा शाखेतच करायचा.

करावे_नेरुळ

आभारी आहे भाऊ. बघते. पण खरी भानगड पुढे आहे. वारसनोंद, म्हणजे ते नॉमिनी, थोरल्या दिरांचं नाव आहे म्हणे. दीर म्हणतात पैसे माझे. आमचे हे म्हणतात चौघा भावांचे. आणि दोन नणंदा आहेत त्यांचं कुणी बोलतच नाही.

वाशी_१७

नॉमिनी असेल तर पैसे नॉमिनीचे, विषय संपला. म्हणून तर नॉमिनेशन करतात.

वकीलताई_बेलापूर

नाही, विषय तिथेच सुरू होतो. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. पण नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून घेतो. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० मध्ये सांगितलं, शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, त्याने वारसाहक्क बदललेला नाही.

आणि ताई, सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या ठेवीत मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि हयात असेल तर आई, सगळे सारख्या वाट्याचे धनी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून. नणंदांचं बोलावंच लागेल.

वाशी_१७

मुलींची लग्नं कुणी केली? दागिने कुणी घातले? बापाच्या आजारपणात उशाला कोण होतं? आता पंचवीस वर्षांनी पैसे निघाले की बहिणी हजर. कायदा कागदावर बरा वाटतो. आमच्या घरी हेच झालं, सख्ख्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही द्यायला नकार दिला, सहा लाखांसाठी. रक्षाबंधन बंद झालं.

करावे_नेरुळ

माझ्या मोठ्या नणंदेने सासऱ्यांचं शेवटचं दीड वर्ष स्वतःच्या घरी काढलं, शहाबाजला. दीर दिवाळीला तोंड दाखवून जायचे. उशाला कोण होतं हे सगळ्यांच्या घरी तुमच्यासारखं नसतं.

वागळे_फिटर

वाशीवाले, बहीण सही देत नाही म्हणजे ती तिचा वाटा मागते. तुमचा वाटा तुम्ही सोडला होता का?

वाशी_१७

माझ्या घरचं तुम्हाला काय माहीत? वाटा सोडायचा की नाही ते मी बघेन. इथे प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरात न्यायाधीश.

वकीलताई_बेलापूर

तुमच्या घरचं तुम्हीच इथे मांडलंत, म्हणून बोललं जातंय. मी रोज बेलापूरच्या कोर्टात हे बघते. ठेव दोन लाखांची, आणि भावाबहिणीतलं भांडण वीस वर्षांचं. पैसा बेवारस होण्याचं मोठं कारण मालक न सापडणं नसतं. मालक सगळे सापडलेले असतात, ते एका फॉर्मवर सही करायला तयार नसतात. मग कुणीच जात नाही, दहा वर्षं उलटतात, आणि रक्कम निधीत. बायकांच्या बाबतीत आणखी एक: सहीसाठी फोन येईपर्यंत माहेरच्या ठेवी किती आहेत हेच त्यांना सांगितलेलं नसतं. हक्कसोडपत्र आधी टाइप होतं, आकडा नंतर कळतो, किंवा कळतच नाही.

नौपाडा_शाखा

वकीलताईंशी या बाबतीत सहमत. शाखेत हे नेहमीचं होतं. एक गृहस्थ तर बहिणीला घेऊन आले, ती डोळ्यांवर पदर धरून बसलेली, मी तिला विचारलं तुम्हाला कशावर सही करताय ते ठाऊक आहे का, तर भाऊ मध्येच "तिला काय विचारता". मी सही घेतली नाही. माझी तक्रार वर गेली.

वाशी_१७

म्हणजे सगळे भाऊ चोर. ठीक आहे. मी बोलत नाही.

घंटाळीकर

मंडळी, भांडण महत्त्वाचं आहे, पण मूळ प्रश्नाकडे येऊ या का? शाखाधिकारी साहेबांनी २०१५ च्या कायद्याचा मुद्दा काढला, त्याला उत्तर द्यायचं राहिलंय.

पंचवीस वर्षांनी सरकारजमा ही तरतूद मलाही मान्य नाही. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर, रिझर्व्ह बँकेच्या निधीत मालकाचा हक्क कायम आहे आणि तिथे नाही. पण ही गोष्ट तुम्हाला कळली कशी? कायद्यात लिहिलीय म्हणून. संसदेत आली, छापली गेली, आज तुम्ही मला ती दाखवून माझ्याशी वाद घालताय. मी याच्यासाठीच भांडतोय. चुकीची गोष्ट उघड्यावर झाली तर तिच्याविरुद्ध बोलता येतं.

उलट कलम २६ अ बघा. निधी ठेवीदारांच्या हितासाठी वापरायचा, आणि त्या हितासाठी रिझर्व्ह बँक वेळोवेळी ठरवेल त्या इतर कामांसाठी. 'वेळोवेळी ठरवेल' याला पुन्हा संसदेत जावं लागत नाही. आज काठ्या वाटल्या नाहीत हे मान्य. उद्या नियमात बदल करून वेगळं काही केलं तर तुम्ही आणि मी नेमके कुठे बघणार आहोत?

नौपाडा_शाखा

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर. तिथे प्रत्येक परिपत्रक असतं. आणि निधीच्या समितीवर डेप्युटी गव्हर्नर अध्यक्ष असतात, कुणी सोम्यागोम्या नाही. साहेब, २०१८ विसरलात? त्या वर्षी कलम ७ चं नाव नुसतं चर्चेत आलं तर केवढा गहजब झाला, डिसेंबरात उर्जित पटेलांनी राजीनामा दिला. त्यांनी वैयक्तिक कारण सांगितलं, पण सरकार आणि बँकेत किती तणाव होता ते सगळ्यांनी पाहिलं. अशा संस्थेला खासदारांच्या उलटतपासणीत उभं करायचं म्हणता?

घंटाळीकर

मी बँकेला उभं करा म्हणत नाही, सरकारने बँकेला काय सांगितलं ते उघडं करा म्हणतो. तुमचं २०१८ चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तेव्हा नेमका कुठला कागद गेला, काय लिहिलं होतं, यावर महिनाभर वर्तमानपत्रांत सूत्रांच्या हवाल्याने बातम्या चालल्या. निर्देश पटलावर ठेवायची सक्ती असेल तर बँकेची स्वायत्तता राखली जाईल. कारण मग कुठलाही मंत्री लेखी सूचना देण्याआधी दहा वेळा विचार करेल.

कॅगबद्दलही सांगतो. रिझर्व्ह बँकेचे लेखापरीक्षक केंद्र सरकार नेमतं. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ५१ खाली सरकारला वाटलं तर कॅगकडूनही हिशेब तपासता येतो. सगळ्या चाव्या सरकारकडेच आहेत. संसदेकडे त्यातलं किती आहे?

ऐरोलीकर

ब्रिटनचं उदाहरण उपयोगी पडेल. तिथे २००८ चा कायदा आहे, पंधरा वर्षं हालचाल नसलेल्या खात्यांसाठी. बँका स्वेच्छेने पैसा रिक्लेम फंडाकडे देतात, मालकाचा हक्क कायम राहतो, परताव्यासाठी पुरेसं बाजूला ठेवून उरलेला पैसा लॉटरी निधीमार्फत समाजकार्याला जातो. कसा वाटायचा याचे निर्देश मंत्री त्या लॉटरी निधीला देतात, आणि मंत्र्याला ते निर्देश द्यायचा अधिकार कायद्यातच लिहिलेला आहे. २०२२ मध्ये विमा, पेन्शन, रोखेही कायद्यात आणले, आणि इंग्लंडच्या वाट्याचा पैसा कशावर खर्च करावा यावर जाहीर मतं मागवली. आपल्याकडे निदान मतं तरी कुणी विचारली का?

नौपाडा_शाखा

म्हणजे तिथे मालकाचा पैसा दुसऱ्याच्या कामाला वापरतात, फक्त विचारून वापरतात. मला हे नकोच आहे. मी म्हणतो वापरूच नका, मालक शोधा.

वागळे_फिटर

+१. साहेब, या एका वाक्यासाठी तुमचं मागचं सगळं माफ. मालक शोधा.

वकीलताई_बेलापूर

थोडं विरुद्ध बाजूने. घंटाळीकर, माहिती अधिकार आहे ना? रिझर्व्ह बँक त्याखाली येते. डिसेंबर २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकेला सांगितलं की विश्वासाच्या नात्याचं कारण देऊन माहिती दडवता येणार नाही. सरकारचा पत्रव्यवहार मागा. संसदेची वाट कशाला?

घंटाळीकर

मागेन ना. तीस दिवस थांबेन, नकार आला तर पहिलं अपील, मग दुसरं, तिथे तारीख कधी लागेल ते तुम्हाला ठाऊक. मी पेन्शनर आहे, माझ्याकडे वेळ आहे. पाटणच्या त्या बाईकडे आहे का? हिशेब मागून मिळणं आणि हिशेब देणं यात फरक आहे. ज्याच्याकडे दुसऱ्याचा पैसा आहे त्याने न मागता द्यायचा असतो. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही आपण वार्षिक सभेत हिशेब वाचायला लावतोच ना.

वाशी_१७

बोलणार नव्हतो, पण खासदारांवर एवढा विश्वास कशाच्या जोरावर? अर्थसंकल्पाच्या मागण्या गिलोटिनने चर्चेविना मंजूर होतात, तिथे तुमचा पटलावर ठेवलेला कागद कोण वाचणार?

घंटाळीकर

खासदार न वाचोत, तुम्ही वाचाल. पटलावर आलेला कागद कायमचा नोंदीत राहतो, संकेतस्थळावर येतो, त्यावर प्रश्न विचारता येतो. ४२,२७० कोटींचा आकडा आपल्याला मिळाला तो कुणीतरी खासदाराने प्रश्न विचारला म्हणूनच. त्या एका प्रश्नामुळे आज आपण इथे दोन आकड्यांची तुलना करतोय.

वाशी_१७

हम्म. तेवढं खरं. पण खासदार प्रश्न विचारतात ते सोयीचे.

नौपाडा_शाखा

ठीक आहे, शेवटचं लिहितो. तुमची मागणी सरसकट मान्य नाही. निधीच्या रोजच्या कारभारात, कुठल्या रोख्यात किती गुंतवायचे यात संसदेने पडू नये. पण सरकारकडून लेखी निर्देश गेला तर तो पटलावर यावा, यात मला हरकत काढता येत नाही. काढायचा प्रयत्न केला. अट एकच: कॅग आणा, पण पैसा कल्याणकारी योजनेकडे वळवण्याचा मार्ग त्याच कायद्यात स्पष्ट शब्दांत बंद करा. २०१५ सारखं नको.

आणि तुम्ही व्याजाचं लिहिलंत, त्यावर कुणी बोललं नाही. खरा अन्याय तिथे आहे. बचत खात्याला तीन टक्के ठीक, बँकही साधारण तेवढंच देत आली. पण मुदत ठेव होती त्या माणसालाही तीनच, आणि तेही सरळ. ते समितीने बदलायला हवं, त्याला कायदा लागत नाही.

घंटाळीकर

तुमची अट मान्य. माझ्या मागणीत ती आधी हवी होती. व्याजाचंही घालतो.

मी ठाण्याच्या खासदारांच्या कार्यालयात प्रश्नाचा मसुदा देणार आहे, लोकसभेला पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते, अधिवेशन लागायच्या आत द्यायला हवा. अतारांकित प्रश्न चालेल, लेखी उत्तर मिळतं. मसुदा असा:

"२०१४ पासून ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीबाबत केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेला कोणते लेखी निर्देश, सूचना किंवा विनंत्या केल्या, त्यांच्या तारखा काय, आणि त्या सभागृहापुढे ठेवल्या आहेत का, निधीतून दरवर्षी किती रक्कम मालकांना परत गेली, किती खर्च झाली आणि कशावर, सरकारी, खाजगी व सहकारी बँकांची वेगवेगळी शिल्लक किती, निधीतल्या ठेवींवर मिळणारं व्याज आणि निधीला मिळणारं उत्पन्न यातला फरक दरवर्षी किती."

नौपाडा_शाखा

'विनंत्या' ठेवा, काढू नका. आमच्या बँकेत वरून येणाऱ्या कागदावर 'निर्देश' कधीच नसायचं, 'विनंती' असायचं, आणि ती पाळावीच लागायची. सहकारी बँका जिल्हावार मागा. ठाणे जिल्ह्यात त्यांची खाती किती आहेत हे मला बघायचंय.

वागळे_फिटर

आणि पत्रं कुठल्या पत्त्यावर पाठवली ते विचारा. खाते उघडतानाच्या फॉर्मवरच्या दोन्ही पत्त्यांवर पाठवली का. हे घातलं नाही तर माझी सही नाही.

घंटाळीकर

घातलं.

करावे_नेरुळ

तुमचं चालू दे, मी एक सांगते. ऐरोलीकर भाऊंनी सांगितलं तसं गावाच्या पत्त्यावर शोधलं. आडनाव न टाकता. सापडलं. 'नामा गणा', करावे, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. आता शाखेत जायचं तर काय काय न्यायचं? रक्कम दाखवत नाही त्यात.

वकीलताई_बेलापूर

वा, बरं झालं. आधी पासबुक, मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र घेऊन जा, आणि नॉमिनी खरोखर नोंदलेला आहे का ते लेखी विचारा. दीर म्हणतात म्हणून धरू नका. नॉमिनी नसेल आणि रक्कम पंधरा लाखांपर्यंत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार कोर्टाचा वारसा दाखला मागू नये, हमीपत्र आणि दावा न करणाऱ्या वारसांचं ना-हरकत चालतं. सहकारी बँक असेल तर मर्यादा पाच लाख. कागद पूर्ण दिल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. अर्जाची पोच तारखेच्या शिक्क्यासह घ्या. तहसीलदाराचा दाखला आणि कोर्टाचा दाखला यात बँकवाले घोळ घालतात, घातला तर मला इथे लिहा.

नावातल्या फरकासाठी 'नामा गणा आणि नामदेव गणपत ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र लागेल, सातबारा जोडा. आणि ना-हरकतवर नणंदांची सही घ्यायच्या आधी त्यांना रक्कम सांगा.

करावे_नेरुळ

सांगणार. मोठीला बरोबर घेऊनच जातेय सोमवारी.